आजार कुणाचा?

समलिंगी माणूस आजारी असतो, हा समज अडाण्यांचाच नाही, शिकलेल्यांचाही आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. आपल्याकडे मात्र इंग्रजांनी १८६० साली आणलेल्या ३७७ कलमातून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळायला सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

मग ही माणसे खचतात ती कशाने? रोज हिणवले गेले, उघडे पडण्याची भीती रोज मानगुटीवर बसली, की शरीर सदैव सावध राहते. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, जीव नकोसा होतो. जखम कलाची नसते, वागणुकीची असते.

मी हिंगोली जिल्ह्यात महाविद्यालयात शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. जातीचा अपमान काय करतो, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तरी एक फरक मांडलाच पाहिजे. शाळेत हिणवला गेलेला दलित मुलगा घरी येतो तेव्हा आई त्याला जवळ घेते. समलिंगी मुलाला अपमान करणारे पुष्कळदा घरातच भेटतात. तो दलितही असेल, तर त्याला गाव नाही आणि वस्तीही नाही.

घरचे आधी देवऋषी गाठतात, अंगारा-दोरा करतात. मग लग्न उरकतात. त्यात एका मुलीचेही आयुष्य भरडले जाते. शेवटी ‘सुधारून देणारा’ डॉक्टर. असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ म्हणतो की, समाजाच्या नीतिकल्पनांत बसत नाही म्हणून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. उपचारात जात आणि लैंगिक कल यांवरून भेदभावाला त्याच्या एकाच कलमात मनाई आहे. गोपनीयताही हक्क आहे. पण केसपेपरच्या खिडकीवर चारचौघांत ‘काय होतंय?’ विचारले गेले, तर तो हक्क तिथेच संपतो. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी चार मनोरुग्णालये. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोनवरून मोफत बोलता येते, एवढे तरी प्रत्येक वसतिगृहात लिहून लावावे.

शिक्षक-कार्यकर्त्यांनी एक पथ्य पाळावे. कुणी विश्वासाने सांगितले, तर ऐकून घ्यावे. त्याच्या संमतीशिवाय घरी कळवू नये. माणूसपण मागणाऱ्या चळवळीला दुसऱ्याचे माणूसपण नाकारता येत नाही.