लिथियमला साजेसा कन्व्हर्टर

इंडियाना राज्यातलं एल्कहार्ट हे अमेरिकेतल्या आरव्ही उद्योगाचं माहेरघर. त्या देशातल्या बहुतेक आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, याच शहरात आणि आसपासच्या गावांत बांधली जातात. अशा एखाद्या ट्रेलरमध्ये शिरून पलंगाच्या किंवा कपाटाच्या खालच्या अंगाला पाहिलं, तर झाकण असलेलं एक पॅनेल दिसतं. झाकण उघडलं की एकीकडे १२० व्होल्टचे ब्रेकर, दुसरीकडे रंगीत फ्यूजांची रांग आणि खाली जाळीआड छोटा पंखा. त्या जाळीमागचं यंत्र म्हणजे कन्व्हर्टर. आरव्ही घेणारे सोफा पाहतात, ओटा पाहतात. याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. पण दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅसगळतीचा अलार्म हे सगळं त्याच्याच जिवावर चालतं.

कॅम्पग्राउंडवरच्या विजेच्या खांबाला केबल जोडली की १२० व्होल्टची एसी वीज गाडीत येते. कन्व्हर्टर तिची १२ व्होल्टची डीसी करतो आणि त्यातूनच बॅटरीही चार्ज करतो. जुने कन्व्हर्टर जड ट्रान्सफॉर्मरचे. ते सतत घुमत, तापत आणि दीर्घकाळ जोडलेले राहिले तर बॅटरीतलं पाणी आटवत. पुढे इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर आले आणि चार्जिंगचे टप्पे पडले : बॅटरी उतरलेली असेल तर १४.४ व्होल्ट, भरत आली की १३.६, गाडी नुसती उभी असेल तर १३.२. मिशिगनमधल्या प्रोग्रेसिव्ह डायनॅमिक्स या कंपनीच्या ‘चार्ज विझर्ड’नं त्यात आणखी भर घातली. गाडी उभी असताना दर २१ तासांनी १५ मिनिटं व्होल्टेज वर न्यायचं, म्हणजे शिशाच्या प्लेटांवर सल्फेट साचत नाही. हे सगळं लेड-ॲसिड बॅटरीचा स्वभाव ओळखून रचलेलं शहाणपण होतं.

मग बॅटरीच बदलली. १९९७ साली टेक्सास विद्यापीठातले जॉन गुडइनफ आणि त्यांचे सहकारी पाधी व नंजुंदस्वामी यांचा लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी गुडइनफ यांना २०१९ मध्ये, वयाच्या ९७व्या वर्षी, नोबेल मिळालं. आज आरव्हीत बसणारी लिथियम बॅटरी बहुधा याच रसायनाची असते. शंभर ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी अठ्ठावीस किलोच्या आसपास भरते, लिथियमची जेमतेम निम्मी. लेड-ॲसिड निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. लिथियम जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि हजारो वेळा चार्ज होते. पाणी घालण्याची कटकटही नाही.

म्हणून माणसं खर्च करून बॅटरी बदलतात, कन्व्हर्टर मात्र जुनाच ठेवतात. नवी बॅटरी कधीच वेळेत भरत नाही आणि दोष बॅटरीच्या माथी येतो. खरं कारण व्होल्टेजच्या आकड्यांत आहे. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असताना १२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्म्यावर आली की १२.१. लिथियम निम्म्यावर असतानाही १३च्या वरच असते. बरेच जुने कन्व्हर्टर व्होल्टेज खाली आलेलं दिसल्याशिवाय जोराच्या चार्जिंगला लागत नाहीत. निम्मी रिकामी लिथियम त्यांना भरलेलीच वाटते आणि ते १३.६वर हात आखडता घेतात.

दोन टाक्यांच्या पातळीत फरक असेल तरच एकीतून दुसरीत पाणी जातं, तसंच करंटचं आहे, आणि इथे तो फरक जेमतेम अर्ध्या व्होल्टचा. त्यातलाही वाटा वायर खाते. कन्व्हर्टरपासून बॅटरी पाच मीटरवर आहे आणि मध्ये ६ गेजची तांब्याची वायर आहे, असं धरू. जाऊन-येऊन दहा मीटर वायरचा रोध साधारण १३ मिलिओहम. तिच्यातून ५५ ॲम्पिअर न्यायचे तर ०.७ व्होल्ट वाटेतच जातात. १३.६मधून ते वजा केले की उरतात १२.९, म्हणजे बॅटरीच्या स्वतःच्या व्होल्टेजपेक्षाही कमी. अर्थात तेवढा करंट जाऊच शकत नाही. पाटीवर ५५ ॲम्पिअर छापलेला कन्व्हर्टर प्रत्यक्षात त्याच्या अंशावर अडकतो. हाच हिशेब लिथियमच्या कन्व्हर्टरच्या १४.६ व्होल्टवर मांडला, तर बॅटरीपाशी १३.९ पोहोचतात आणि ती पोटभर घेते. लिथियमसाठीचा कन्व्हर्टर घ्यायचा तो यासाठी. शक्य असेल तर तो बॅटरीच्या जवळ बसवावा आणि वायर जाड घालावी. हे दोन्ही केल्यावरच पैसे सत्कारणी लागतात.

ज्यांचा मुक्काम खांबापासून दूर असतो, त्यांना याची किंमत जास्त कळते. हिवाळ्यात ॲरिझोनातल्या क्वार्ट्‌झसाइटच्या वाळवंटात हजारो आरव्ही तळ ठोकतात. तिथे मोकळ्या सरकारी जमिनीवर खांब नाही, केबल नाही. ऊन नसेल तेव्हा आधार जनरेटरचा, आणि त्याचा प्रत्येक तास म्हणजे पेट्रोल, धूर आणि शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास. दोनशे ॲम्पिअर-अवरची बॅटरी निम्म्यावर आली असेल, तर पूर्ण ५५ ॲम्पिअर देणारा कन्व्हर्टर ती साधारण दोन तासांत भरतो. जुन्यापाशी दिवस मावळतो. मात्र आकाराचा हव्यास नको. साठ ॲम्पिअरचा कन्व्हर्टर पूर्ण जोरात असताना जनरेटरकडून हजार वॉटच्या वर ओढतो, त्यामुळे छोट्या जनरेटरवर मोठं मॉडेल पेलत नाही.

बदलायचं काम तसं आटोपशीर आहे. अनेक पॅनेलांत फक्त खालचा भाग काढून नवा बसवता येतो. ब्रेकर जागचे हलत नाहीत. आधी खांबाची केबल काढायची, बॅटरीची निगेटिव्ह सोडायची, मग मीटर लावून वीज नाही याची खात्री करायची. एसी बाजूला काळी वायर फेजची, पांढरी न्यूट्रलची, हिरवी किंवा उघडी तांब्याची अर्थिंगची. फसगत होते ती डीसी बाजूला, कारण तिथे काळी वायर बहुधा पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. बॅटरी क्षणभर जरी उलटी जोडली तरी रिव्हर्स पोलॅरिटीचे फ्यूज उडतात; ते त्यासाठीच दिलेले असतात. लिथियम शॉर्ट झाली तर हजारो ॲम्पिअर ओतते, म्हणून बॅटरीलगत एवढा करंट झटक्यात तोडणारा क्लास-टी फ्यूज हवाच. एसी वायरिंगचा सराव नसेल, तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

पथ्यंही आहेत. शून्य अंशाच्या खाली लिथियम चार्ज केली तर आत धातूचा थर जमतो आणि क्षमता कायमची घटते. चांगल्या बॅटरीतली बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारी यंत्रणा, अशा वेळी चार्जिंग तोडते. ती सोय आहे का हे घेतानाच विचारावं. महिनोन्महिने गाडी उभी राहणार असेल, तर बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून कन्व्हर्टर बंद करावा. लिथियमला कायम टोकाला भरून ठेवणं मानवत नाही. आणि ओढणाऱ्या गाडीचा अल्टरनेटर थेट जोडू नये. लिथियम एवढा करंट खेचते की तो तापून जळू शकतो. मध्ये करंटला लगाम घालणारा डीसी-टू-डीसी चार्जर हवा.

हा धडा आपल्या घरातल्या इन्व्हर्टरलाही लागू आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत घेतलेल्या ट्यूब्युलर लेड-ॲसिड बॅटरीच्या जागी आता कुणी लिथियम आणत असेल, तर दुकानदाराला आधी विचारावं : आहे त्या इन्व्हर्टरला लिथियमची सेटिंग आहे का, आणि तो किती व्होल्टवर चार्ज करतो? बॅटरी आणि तिला भरणारं यंत्र ही जोडी आहे. किंमत बॅटरीची डोळ्यांत भरते, पण तिच्यातली किती वीज हाताला लागेल हे दुसऱ्याच्याच हातात असतं.