हलक्या गाडीचें वेड

मोटारगाडी म्हटली कीं, गुबगुबीत आसनें, थंड हवेचें यंत्र, बटण दाबतांच खालींवर होणाऱ्या कांचा असा थाट आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. आम्हांस ज्या गाडीनें कित्येक वर्षें वेड लावलें आहे, तिच्यापाशीं मूळांत यांतलें कांहींच नव्हतें. तिला दारें नव्हतीं व पक्कें छप्परहि नव्हतें. आंत दोघांनींच बसावयाचें, तेंहि जमिनीपासून वीतभर उंचीवर. तिचें चित्र पाहून आमचे एक स्नेही म्हणाले, “ही गाडी अर्धीच राहिली वाटतें!” तें बोलणें आमच्या जिव्हारीं लागलें, म्हणून हा लेख.

गाडीचें नांव लोटस सेव्हन. तिचा जनक कॉलिन चॅपमन हा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत इंजिनियरिंग शिकलेला तरुण. १९४८ सालीं त्यानें उत्तर लंडनमधील एका गॅरेजांत जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी बांधली. ऑस्टिन सेव्हन ही १९२२ सालीं निघालेली सामान्य माणसाची गाडी; तिचें इंजिन अवघें पाऊण लिटरचें. एवढ्याशा इंजिनाकडून वेग मिळवावयाचा, तर ओझें उतरविणें हाच स्वस्त मार्ग होता. इंजिनाची शक्ति वाढविली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरानें धांवेल. वजन घटविलें तर वळणावर, ब्रेक दाबतांना, सगळीकडेच तिचा फायदा होईल, हा विचार चॅपमननें जन्मभर सोडला नाहीं.

विद्यार्थिमित्रांनीं हें गणितानें ताडून पाहावें. वजन किलोग्रॅममध्यें घेऊन त्याचें अर्ध करावें व वेगाच्या वर्गानें गुणावें, म्हणजे गतिज ऊर्जा मिळते. सेकंदास २० मीटर वेगानें जाणाऱ्या ५०० किलोच्या गाडीची ऊर्जा एक लक्ष ज्यूल. त्याच वेगाच्या १,५०० किलोच्या गाडीची तीन लक्ष. ती सारी ब्रेकला उष्णतेच्या रूपानें पचवावी लागते. वळणावरहि जड गाडीस आंत खेंचून धरण्यास तिप्पट बळ लागतें. एखादा चौकस मुलगा म्हणेल, “पण जड गाडीचे टायर रस्त्यावर अधिक दाबले जातात, म्हणजे पकडहि वाढलीच!” शंका रास्त आहे. पकड वाढते खरी, परंतु रबराच्या टायरची पकड भाराच्या प्रमाणांत वाढत नाहीं. थोडी मागेंच राहते. हलक्या गाडीचा लाभ तेथें होतो.

वजन काढावयाचें, पण गाडी वांकतां कामा नये. चार काठ्या टोकांशीं बांधून चौकोन करा. कोपरा ढकलतांच तो कलतो. मध्यें एक तिरपी काठी घातली कीं, दोन त्रिकोण होतात व चौकोन हलत नाहीं. घराच्या छपराची कैची आणि रेल्वेचा लोखंडी पूल याच युक्तीवर उभे असतात. १९५७ सालीं निघालेल्या सेव्हनचा सांगाडा पोलादी नळ्यांच्या अशाच जोडणीचा होता व वरून अल्युमिनियमचा पत्रा. गाडी भरली सुमारें अर्ध्या टनाची.

तिची दुसरी गंमत म्हणजे ती सुट्या भागांच्या रूपानें मिळे. ब्रिटनमध्यें त्या काळीं तयार गाडीवर खरेदीकर असे, सुट्या भागांवर तो टळे. जोडणीचीं सूचनापत्रें मात्र देतां येत नसत. म्हणून गाडी सुटी कशी करावी याचें पत्रक देत आणि घेणारा तें उलट वाचून गाडी जोडी, असें सांगतात. कायद्याला वळसा घालण्याची ही तऱ्हा नाकारण्याजोगी असली, तरी आम्हांस हंसूं आल्यावांचून राहत नाहीं.

आतां जें लिहावयाचें तें आम्हांस जड जातें. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्या जितक्या वेगवान तितक्याच नाजूक, असा बोभाटा होता. १९६९ सालीं स्पेनमधील शर्यतींत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले व योखेन रिंट हा चालक जखमी झाला. आपल्या गाड्या इतक्या वेगवान आहेत कीं, दुबळ्या भागांत थोडें वजन घातलें तरी आपण मागें पडणार नाहीं, अशा अर्थाचें पत्र त्यानें चॅपमनला लिहिलें. पुढील वर्षीं इटलींतील मोंझा येथें सरावाच्या वेळीं पुढील चाकाच्या ब्रेकचा दांडा तुटून त्याची गाडी कठड्यावर आदळली व तो मृत्यु पावला. कठडाहि नीट बसविलेला नव्हता. त्या वर्षींचें जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळालें. काय काढावें हें चॅपमनला इतरांपेक्षां अधिक कळत होतें. कोठें थांबावें हें त्याच्या चालकास त्याच्यापेक्षां आधीं कळलें. आमच्या वेडांत ही बोंच कायम आहे.

१९७३ सालीं सेव्हन बांधण्याचा हक्क केटरहॅम या विक्रेत्या मंडळीकडे गेला. त्यांनीं २०२१ सालीं काढलेल्या एका सेव्हनचें वजन ४४० किलो होतें, आणि तिच्यांत सुझुकीचें ६६० सी.सी.चें तीन सिलिंडरांचें इंजिन होतें. म्हणजे चॅपमनच्या त्या पहिल्या ऑस्टिनच्या इंजिनाहूनहि लहान. आमचे स्नेही हें ऐकून म्हणाले, “अजून अर्धीच आहे म्हणा कीं!”