गाव बिनविरोध झाले, मग आपले मत कुठे गेले?

ग्रामपंचायतीची निवडणूक जाहीर झाली की सातारा-सांगलीच्या बहुतेक गावांत एक बैठक होते. कधी देवळात, कधी सोसायटीच्या कार्यालयात. विषय एकच असतो : यंदा गाव बिनविरोध करायचे. खर्च वाचतो, भांडणे होत नाहीत, वर आमदार-खासदारांकडून विकासनिधीचे आश्वासन. ऐकायला सगळे छान वाटते. आपल्या वस्तीतल्या दोन-तीन जाणत्यांनाही बोलावतात, चहा देतात आणि 'तुमच्या राखीव जागेवर अमक्याला घेतलाय' असे सांगतात. 'कोणाला घ्यायचे?' असे कुणी विचारत नाही, थेट 'घेतलाय' असेच कळते.

माण-खटावपासून जत-आटपाडीपर्यंत कामानिमित्त फिरताना हा प्रकार इतक्यांदा ऐकला आहे की त्यावर सविस्तर लिहिणे गरजेचे वाटले. लोकसभा-विधानसभेच्या वेळी आपले तरुण रात्र रात्र चर्चा करतात. सोशल मीडियावर कोण कोणाची मते खातो याचा हिशेब मांडतात. पण ज्या निवडणुकीत वस्तीचा रस्ता, गटार, विहाराची जागा आणि स्मशानभूमी ठरते, तिथे आपण बैठकीतला निरोप ऐकून घरी येतो.

आधी राखीव जागेचे गणित समजून घेऊ. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेले आणि राखीव जागा आल्या. उमेदवार आपला, पण मतदार सगळे, ही रचना तेव्हापासूनची. ग्रामपंचायतीच्या वॉर्डातही तेच आहे. वॉर्डातली एक जागा अनुसूचित जातीसाठी राखीव असली तरी तिच्यासाठी पूर्ण वॉर्ड मत देतो. वॉर्डात आपली घरे तीस आणि बाकीची दीडशे असतील, तर दीडशे घरांना चालेल असाच माणूस निवडून येण्याची शक्यता जास्त. बाबासाहेबांना हा धोका पुरता माहीत होता. त्याच १९३२ साली मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाची हमी नसलेल्या पंचायतीला त्यांनी स्पष्ट विरोध केला होता. गाव म्हणजे एक कुटुंब, हे चित्र त्यांना कधीच मान्य नव्हते.

तरीही मतदान झाले तर थोडी जागा उरते. गावात दोन पॅनेल असतात, भावकीत फूट असते, आणि तीस घरांची एकगठ्ठा मते दोन्ही पॅनेलना हवी असतात. त्या आठ-दहा दिवसांतच वस्तीला बोलण्याची ताकद मिळते. 'समाजमंदिराचे काय करणार ते सांगा' असे त्या दिवसांत विचारता येते आणि समोरच्याला ऐकून घ्यावे लागते. बिनविरोध झाले की ही ताकद आपोआप संपते. एका जागेसाठी एकच अर्ज उरला तर मतदानच होत नाही, त्यामुळे 'नोटा'चा पर्यायही नाही. आपली तीस घरे त्या वर्षी मोजलीच जात नाहीत.

एकमताने निवड कधीच चांगली नसते, असे नाही. वस्तीने स्वतः बसून, बायकांसह सगळ्यांचे ऐकून एक नाव ठरवले आणि गावाने ते मानले, तर ते बिनविरोध मलाही मान्य आहे. प्रश्न नाव कोणी ठरवले हा आहे. जानेवारी २०२१ मध्ये राज्य निवडणूक आयोगाने नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी या दोन गावांची निवडणूक रद्द केली, कारण पदांसाठी चक्क लिलावाची बोली लागली होती. बोली देवळाच्या कामासाठी असली तरी ती मताची किंमतच होती. आपल्याकडे बोली उघड लागत नसेल, पण दबाव असतो. 'अर्ज मागे घे, नाहीतर शेतात कामाला बोलावणार नाही' हे वाक्य कोणत्या गावात ऐकू येत नाही?

इथे एक गोष्ट प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावी. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यात कलम ३(१) मध्ये निवडणुकीबद्दल स्पष्ट तरतूद आली. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मत देऊ नको किंवा अमक्यालाच दे म्हणून धमकावणे, उमेदवारी अर्ज भरू न देणे, भरलेला अर्ज मागे घ्यायला लावणे, इतकेच नव्हे तर सूचक किंवा अनुमोदक होण्यापासून रोखणे, हे सगळे गुन्हे आहेत. निवडून आलेल्या सदस्याला किंवा सरपंचाला काम करू न देणे हाही गुन्हा आहे. जातिवाचक शिवी दिली तरच अॅट्रॉसिटी लागते, असा गैरसमज आपल्या मुलांमध्येही आहे.

पंचायतीत आपला माणूस असला-नसला तर काय फरक पडतो, असे विचारणाऱ्यांनी मिरज तालुक्यातले बेडग आठवावे. जून २०२३ मध्ये तिथे बाबासाहेबांच्या नावाच्या स्वागतकमानीचे बांधकाम पाडले गेले. बांधकाम अनधिकृत आहे, असे ग्रामपंचायतीचे म्हणणे होते. जुलैत आंबेडकरी कुटुंबे घरांना कुलपे लावून, संसार बरोबर घेऊन पायी मुंबईकडे निघाली. लेकरेबाळे घेऊन घर सोडणे सोपे नसते आणि त्या माणसांच्या धैर्यापुढे मी काय बोलणार! पण एक गोष्ट लक्षात घ्या. मिरज विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, जसा सातारा जिल्ह्यात फलटण आहे. आमदारकी राखीव असली तरी गावच्या कमानीचा ठराव विधानसभेत होत नाही. तो ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत आणि ग्रामसभेत होतो. आपल्या बाजूने हात वर करणारे, प्रोसिडिंग वाचून सही करणारे किती जण तिथे बसलेत, यावर बरेच ठरते.

पैशाचेही तसेच. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या विकासाचा निधी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून येतो, पण त्यासाठी वस्तीचा आराखडा आणि ठराव ग्रामपंचायतीतूनच जावा लागतो. 'घेतलेला' सदस्य हा आराखडा मागत नाही. निम्म्या जागा महिलांसाठी असल्याने अनेकदा आपल्या भगिनी सदस्य होतात आणि सभेला त्यांचे पती जाऊन बसतात. या बाबतीत आपली वस्ती बाकी गावापेक्षा वेगळी आहे, असे मला तरी दिसलेले नाही.

आता तयारीचे. राखीव जागेच्या अर्जाला जातप्रमाणपत्र आणि जातवैधता लागते. बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्राने १९९० साली दिला, तरी आजोबांच्या दाखल्यावर एक नोंद, वडिलांच्या दाखल्यावर दुसरी, अशी कितीतरी घरे आहेत. हे कागद निवडणूक जाहीर झाल्यावर जमत नाहीत. वस्तीत निदान चार-पाच जणांची, त्यातही मुलींची, वैधता आधीच काढलेली असली, तर एकाच माणसाला 'घेऊन' टाकणे गावाला सोपे जात नाही.

दुसरे, मतदारयादी. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिकेसाठी वेगळी यादी नव्याने होत नाही. विधानसभेचीच यादी वॉर्डनिहाय फोडतात. तिथे नाव नसेल तर इथेही नाही. नाव घालायला फॉर्म ६, पत्ता बदल किंवा दुरुस्तीला फॉर्म ८, आणि कुणाचे नाव वगळायची मागणी फॉर्म ७ ने होते. १७ वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर या चार तारखांना १८ पूर्ण होणाऱ्यांची नोंद होते. मुंबई-पुण्यात स्थायिक झालेल्यांनी नाव कुठे ठेवायचे ते एकदाच ठरवावे, दोन ठिकाणी ठेवता येत नाही. गावात ठेवले असेल तर एसटीचे तिकीट स्वतःच्या खिशातून काढावे. पॅनेलच्या गाडीतून आलेला माणूस खाली उतरल्यावर कुणाला प्रश्न विचारणार?

यादी फोडताना वस्तीतली दहा-पंधरा नावे शेजारच्या वॉर्डात जाणे ही नेहमीची गोष्ट आहे. चूक असो वा मुद्दाम, तीस घरांच्या वस्तीत दहा नावे हलली की सगळे गणित बदलते. प्रारूप यादी तहसील कार्यालयात आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागते, आणि हरकतीसाठी मोजकेच दिवस मिळतात. त्या आठवड्यात वंदनेनंतर विहारात यादी मोठ्याने वाचावी, घरागणिक खूण करावी, आणि चुकलेल्या नावांची हरकत लेखी देऊन पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले तिथे कुणी लिहून ठेवत नाही.