चौकटीच्या वहीतील खेळ

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. इयत्ता सहावीच्या वर्गात सातवाहनांचा पाठ चालू असताना मागच्या बाकावरील एक विद्यार्थी गणिताच्या चौकटीच्या वहीत काहीतरी गिरवीत असल्याचे माझ्या लक्षात आले. मी वही काढून घेतली आणि तास संपेपर्यंत त्याला उभे केले. रात्री ती वही उघडून पाहिली, तेव्हा मला माझीच लाज वाटली. आदल्या आठवड्यात देवळाली कॅम्पहून आमची सहल त्रिरश्मी लेण्यांना गेली होती. त्या डोंगराच्या पायऱ्या त्याने पानभर काढल्या होत्या. काही पायऱ्या तुटलेल्या, वळणावर एक माकड, पुढे पाण्याचे टाके आणि सर्वांत वर लेण्याचे दार. समासात बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘उडी = 3 चौकटी’. त्या मुलाने व्हिडिओ गेमचा एक संपूर्ण टप्पा आखला होता. मुले ज्याला ‘लेव्हल’ म्हणतात, तोच हा टप्पा. त्याच्याजवळ संगणक नव्हता आणि मोबाईलही नव्हता. मी शिक्षा दिली होती ती आळसाला नव्हे, नियोजनाला.

खेळाचा टप्पा म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतची एक वाट. तीत कोठे खड्डा असावा, कोठे शत्रू यावा, कोठे क्षणभर विसावा मिळावा, हे कोणीतरी आधी ठरवलेले असते. हे ठरवण्याचे काम पडद्यावर करता येते. परंतु तेथे एक भिंत हलवायची म्हटली तरी चित्र, आज्ञावली आणि चाचणी या तिन्हींना हात लावावा लागतो. कागदावर तीच भिंत खोडरबराने हलते. चूक स्वस्त असते तेव्हाच ती करून घ्यावी, हे कागदी आराखड्यामागील साधे तत्त्व आहे.

याचे प्रसिद्ध उदाहरण जपानमधील आहे. निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ 1985 मध्ये बाजारात आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी त्याचे टप्पे आलेख कागदावर पेन्सिलीने रेखाटले. ते कागद आज्ञावली लिहिणाऱ्यांकडे जात आणि त्यांवरून टप्पा संगणकात भरला जाई. दुरुस्ती करायची झाल्यास मूळ कागदावर पारदर्शक कागद ठेवून त्यावर बदल दाखवला जाई. संपूर्ण खेळ अवघ्या 40 किलोबाइटमध्ये बसवायचा होता. आज मोबाईलने काढलेले एक साधे छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा घेते. अशा टंचाईत प्रत्येक चौकटीचा हिशेब ठेवणे भाग होते.

शिक्षक या नात्याने मला त्यातील पहिला टप्पा विशेष वाटतो. त्यात सूचनांचे एकही वाक्य नाही, तरी तो शिकवतो. मारिओ डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणून खेळणारा आपोआप उजवीकडे जातो. समोरून एक शत्रू हळूहळू चालत येतो आणि उडी मारण्याची गरज पटवून देतो. पुढे दोन जिने समोरासमोर येतात. त्यांच्यामध्ये सपाट जमीन असते. उडी चुकली तरी काही बिघडत नाही. त्यानंतर तशाच दोन जिन्यांची जोडी पुन्हा येते, पण आता मध्ये खोल खड्डा असतो. आधी सुरक्षित सराव, मग खरी परीक्षा! विशेष म्हणजे मारिओच्या कर्त्यांनी सुरुवातीचे सोपे टप्पे मागाहून रचले. विद्यार्थ्याला पुढे काय काय करावे लागणार आहे, हे कळल्याशिवाय पहिला धडा कसा लिहिणार?

हे तत्त्व आपल्या परिसराला नवे नाही. देवळालीच्या तोफखान्याच्या सरावाचे आवाज आपण नेहमी ऐकतो. गोळा सुटण्यापूर्वी अंतर आणि दिशा नकाशावर निश्चित झालेली असते. त्रिरश्मीच्या शिल्पींपुढील अट तर याहून कठोर होती. लेणे बांधत नाहीत, कोरतात. फोडलेला खडक पुन्हा जोडता येत नाही. क्रमांक 10 च्या विहारात मधल्या दालनाभोवती भिक्खूंच्या 16 खोल्या आहेत. भिंत कोठे राखायची आणि दार कोठे उघडायचे, याची मापे छिन्नी लागण्यापूर्वी ठरल्याशिवाय अशी रचना उभी राहत नाही.

त्या वहीनंतर आम्ही रविवारी सकाळी एक तास या कामासाठी राखून ठेवला. त्याची रीत सोपी आहे आणि ती कोणत्याही शाळेस अवलंबिता येईल. प्रथम मोजमाप ठरवावे : एक चौकट म्हणजे नायकाचे एक पाऊल, आणि त्याची उडी किती चौकटींची, हे समासात लिहावे. तीन चौकटींची उडी असेल, तर पाच चौकटींचा खड्डा हा अडथळा नसून अन्याय आहे. नंतर आरंभ आणि शेवट यांच्या जागा निश्चित कराव्यात व मगच मधली वाट काढावी. एका वेळी एकच नवी अडचण आणावी. ती आधी सोपी, मग कठीण आणि शेवटी दुसऱ्या अडचणीच्या जोडीने यावी. प्रत्येक मोठ्या अडथळ्यानंतर विसाव्याची जागा सोडावी.

शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. वही मित्रापुढे ठेवावी, शर्टाचे एक बटण नायक म्हणून द्यावे आणि त्याला वाट चालू द्यावी. आखणाऱ्याने तोंडातून शब्द काढू नये. मित्र जेथे अडतो, तेथे दोष बहुधा मित्राचा नसतो, आराखड्याचा असतो. हा नियम पाळणे मुलांना अवघड जाते आणि आम्हा शिक्षकांना त्याहून अवघड. आराखडा पक्का झाल्यावर ‘स्क्रॅच’सारख्या मोफत साधनात तो उभारता येतो. संगणक थोडे आणि मुले पुष्कळ, ही वसतिगृहांची नित्याची स्थिती. परंतु ज्याचा कागद तयार आहे, त्याला मिळालेला अर्धा तासही पुरतो.

आपल्या मुलांच्या हाती मोबाईल येतो तो बहुधा दुसऱ्याने रचलेला खेळ खेळण्यासाठी. रचणारे वेगळे आणि खेळणारे वेगळे, ही विभागणी निसर्गाने केलेली नाही. पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा खेळ 2020 मध्ये जगभर पोहोचला. रचणाऱ्यांच्या पंक्तीत बसण्यासाठी लागणारे पहिले साधन महाग नाही. ते प्रत्येक दप्तरात आहे.

दुसऱ्या दिवशी मी त्या विद्यार्थ्याची वर्गासमोर क्षमा मागितली आणि त्याचा टप्पा खेळू देण्याची विनंती केली. टाक्याजवळ माझे बटण तीनदा पाण्यात पडले. तो काही बोलला नाही. माझ्या हातातील वही घेऊन त्याने टाके एका चौकटीने लहान केले आणि ती पुन्हा माझ्यापुढे ठेवली.