भाडेपावतीवर नाव कुणाचं?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीतरी जणी भाड्याच्या किंवा पागडीच्या घरात राहत असाल. त्या घराची भाडेपावती कुणाच्या नावावर आहे, ते सांगता येईल तुम्हाला? अगदी आत्ताआत्तापर्यंत मलाही आलं नसतं. मी बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी. पण घरच्या कागदांची फाइल 'ह्यांच्या' कपाटात आणि तिकडे बघायचं नाही, अशीच माझी रीत! मावशीच्या घरावर नोटीस लागली, तेव्हा डोळे उघडले.

मावशी लग्न होऊन गिरगावातल्या चाळीत आली. दहा बाय बाराची खोली, पुढे गॅलरी, संडास मजल्याच्या टोकाला. महिन्याचं भाडं तेलाच्या एका पिशवीएवढंही नव्हतं. एका पावसाळ्याच्या तोंडी इमारत धोकादायक ठरली आणि खोल्या रिकाम्या करण्याचा कागद जिन्यात चिकटला. शेजाऱ्यांना संक्रमण शिबिरात खोल्या मिळाल्या. मावशीचं मात्र अडलं, कारण पावती अजून तिच्या सासऱ्यांच्या नावाने फाटत होती! ते जाऊन वीस वर्षं झालेली, काका जाऊन सहा. भाडं दर महिन्याला भरत होती मावशी. थोरल्या दिरांनी संमतीची सही लगेच दिली. धाकट्यांनी "मुलांशी बोलून सांगतो" म्हणत आठ महिने काढले. तोवर मावशी आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत. यात दोष कुणाला द्यायचा? आमचा आम्हालाच.

कायदा खरं तर विधवेला वाऱ्यावर सोडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सांगतो, की भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क मिळतो. पण तो कुणाला, यावर घरात एकमत हवं. ते नसेल तर कोर्ट ठरवणार. म्हणजे सारं काही भावा-दिरांच्या मर्जीवर आणि कागदांवर!

या चाळी अशा मोडकळीला का आल्या? १९४७च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूला आधार झाला, पण त्या भाड्यात दुरुस्ती कुठली व्हायची? म्हणून १९६९ साली कायदा करून सरकारने इमारत दुरुस्ती मंडळ नेमलं. मुंबई शहरातल्या १९,६४२ जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. त्या पैशांत सरकारी पैशांची भर घालून दुरुस्ती, आणि जिथे ती शक्य नाही तिथे नवं बांधकाम, अशी ही योजना. नवी इमारत उभी राहीपर्यंत भाडेकरूंनी संक्रमण शिबिरात राहायचं. शब्द 'संक्रमण', पण कित्येक कुटुंबांच्या दोन पिढ्या त्या शिबिरांतच गेल्या.

सगळीकडे असंच होतं असं नाही हं. वरळीच्या बी.डी.डी. चाळी १९२०च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये त्याच जागी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. गिरगाव-काळबादेवीला भुयारी मेट्रोच्या स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडल्या, तेव्हाही भाडेकरूंना त्याच भागात घरं द्यायचं ठरलं होतं. ऑक्टोबर २०२५मध्ये तिथून गाडी धावू लागली. घरं रिकामी करणाऱ्यांनी मात्र आपल्या खोल्या त्याआधी कितीतरी वर्षं सोडल्या होत्या.

'त्याच भागात' या दोन शब्दांचं मोल बाईला विचारा. मावशी पोळ्या लाटून द्यायची, दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घ्यायची. तिची गिऱ्हाइकं चार गल्ल्यांत. वाणी महिनाअखेरपर्यंत उधार द्यायचा, औषधाला इस्पितळ चालत जाण्याच्या अंतरावर. अखेर सही झाली, दूरच्या उपनगरात शिबिराची खोली मिळाली, पण पोळ्यांचं काम गेलं. तिथे तिला ओळखतो कोण? सरकारी यादीत खोलीचे चौरस फूट लिहितात, गिऱ्हाइकं लिहीत नाहीत.

म्हणून सांगते, नोटिशीची वाट न पाहता एवढं करा:

पावती कुणाच्या नावावर आहे ते बघा. ती व्यक्ती हयात नसेल तर घरातल्या सगळ्यांच्या लेखी संमतीने मालकाकडे नावबदलासाठी अर्ज द्या आणि अर्जाची पोच घ्या. सगळे गोडीत आहेत तोवरच हे उरकावं.

आपण तिथेच राहतो याचे पुरावे जपा. रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, विजेची बिलं, बँकेचं पासबुक यांच्यावर तुमचं नाव आणि हाच पत्ता हवा. प्रतींचा एक संच माहेरी किंवा विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा.

इमारत खरोखर धोक्याची असेल तर हट्ट करून राहू नका, जीव पहिला. पण खोली रिकामी केल्याचा लेखी कागद घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. खोली मोजून ठेवा.

नव्या घराचा करार नोंदवलेला असावा. किती चौरस फूट, कुठल्या जागी, किती महिन्यांत, तोवरचं भाडं कोण देणार, हे सगळं त्यात यायला हवं. "वहिनी, काळजी करू नका" हे वाक्य कोर्टात चालत नाही.

आणि लिफ्टच्या इमारतीचा मासिक खर्च किती येईल, ते आधी विचारा. नवं घर मिळूनही तो न झेपल्याने ते विकून लांब जाणारी माणसं आहेत.

मावशी आता म्हणते, "अगं, भाडं भरलं, चुना लावला, गणपती बसवले, पावती काही वाचली नाही." आज दुपारी झाकपाक झाली, की तुम्ही तुमची वाचाल ना?