सोल संगीताच्या दुर्मीळ ध्वनिमुद्रिका आणि संग्राहकांची ज्ञानपरंपरा : इंग्लंडमधील 'नॉर्दर्न सोल' चळवळीच्या संदर्भात

प्रस्तावना

ज्ञाननिर्मिती ही केवळ विद्यापीठे, संशोधन संस्था व ग्रंथालये यांच्याच कक्षेत घडते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. तथापि, मानवी संस्कृतीच्या अनेक क्षेत्रांत छंद म्हणून सुरू झालेल्या उपक्रमांतूनही शिस्तबद्ध ज्ञान निर्माण झाल्याचे दिसते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या सोल संगीताचे इंग्लंडमधील चाहते आणि ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक हे त्याचे एक बोलके उदाहरण होय. अमेरिकेत ज्या गीतांकडे कोणी लक्ष दिले नाही, ती हजारो मैलांवरील गिरणी कामगारांच्या व खाण कामगारांच्या मुलांनी शोधून काढली, त्यांवर नृत्य केले, वाद घातले आणि त्यांची नोंद ठेवली. प्रस्तुत लेखात या चळवळीची पार्श्वभूमी, संग्राहकांच्या चर्चेचे स्वरूप, त्यांच्या पडताळणीच्या पद्धती आणि त्यातून उपस्थित होणारे नैतिक प्रश्न यांचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : सोल संगीत, ध्वनिमुद्रिका, संग्राहक, दुर्मीळता, मूळ प्रत, श्रेयनिर्देश.

४५ फेऱ्यांची तबकडी : एक साधन

या संपूर्ण विषयाच्या केंद्रस्थानी सात इंच व्यासाची एक लहान तबकडी आहे. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या लाखेपासून तयार होत आणि ही लाख मोठ्या प्रमाणावर भारतातून जात असे. दुसऱ्या महायुद्धात लाखेचा पुरवठा विस्कळीत झाला व १९४२ मध्ये अमेरिकेने तबकड्यांसाठी तिच्या वापरावर निर्बंध घातले. युद्धानंतर प्लॅस्टिकच्या तबकड्यांचा प्रसार झाला. १९४९ मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने मिनिटाला ४५ फेऱ्या घेणारी तबकडी बाजारात आणली. तिच्या प्रत्येक बाजूवर साधारणतः तीन मिनिटांचे एक गीत मावत असे. ज्या गीताकडून विक्रीची अपेक्षा असे ते 'ए' बाजूवर आणि दुसरे एखादे गीत 'बी' बाजूवर घेतले जाई. अशा तबकडीला 'सिंगल' ही संज्ञा रूढ झाली.

सिंगल काढण्यास भांडवल कमी लागत असल्याने १९६० च्या दशकात डेट्रॉइट, शिकागो, लॉस एंजेलिस आदी शहरांत असंख्य लहान कंपन्या उदयास आल्या. बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाकडून घेतलेल्या ८०० डॉलरच्या कर्जावर डेट्रॉइटमध्ये जो व्यवसाय सुरू केला, त्यातून पुढे मोटाउन ही मोठी कंपनी उभी राहिली. मात्र प्रत्येक कंपनीच्या वाट्याला हे यश आले नाही. रेडिओवर गीत वाजले नाही किंवा वितरकाने लक्ष घातले नाही, तर गाणे उत्तम असूनही तबकड्या गोदामात पडून राहत. नॉर्दर्न सोलचा कच्चा माल या अपयशी तबकड्यांनीच पुरविला, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

'नॉर्दर्न सोल' या संज्ञेचा उगम

ही संज्ञा अमेरिकेच्या उत्तर भागाशी संबंधित असावी असा वाचकाचा समज होण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात तिचा संबंध इंग्लंडच्या उत्तर भागाशी आहे. डेव्ह गॉडिन (१९३६–२००४) हे या संगीताचे अभ्यासू चाहते लंडनमध्ये 'सोल सिटी' हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालवीत. फुटबॉलच्या सामन्यांनिमित्त उत्तरेकडून येणारे तरुण नव्या फंक वळणाच्या तबकड्या न घेता १९६० च्या दशकाच्या मध्यातील जलद लयीच्या, मोटाउन धर्तीच्या तबकड्या मागतात, असे त्यांच्या ध्यानात आले. अशा ग्राहकांची आवड दुकानातील सहकाऱ्यांना ओळखता यावी यासाठी योजलेला हा शब्द १९७० मध्ये 'ब्लूज अँड सोल' या नियतकालिकातील त्यांच्या स्तंभातून सर्वत्र पोहोचला. म्हणजेच या प्रकाराला नाव मिळाले ते गायकांकडून किंवा कंपन्यांकडून नव्हे, तर श्रोत्यांच्या निवडीकडे पाहणाऱ्या एका जाणकाराकडून. संगीताचा प्रकार निर्मात्याऐवजी श्रोत्याने ठरविल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण मानावे लागेल.

या आवडीला स्थैर्य दिले ते रात्रभर चालणाऱ्या नृत्यगृहांनी. मँचेस्टरमधील 'ट्विस्टेड व्हील' १९७१ मध्ये बंद झाले. स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातील 'गोल्डन टॉर्च' १९७३ पर्यंत चालले. सप्टेंबर १९७३ मध्ये सुरू झालेले 'विगन कॅसिनो' डिसेंबर १९८१ पर्यंत या चळवळीचे प्रमुख केंद्र राहिले. पहाटेनंतर कार्यक्रम संपताना ठरावीक तीन गीते वाजविण्याची तेथे प्रथा होती. या जागरणांत उत्तेजक गोळ्यांचा गैरवापर होत असे व त्यामुळे पोलिसांची करडी नजरही असे, याचाही उल्लेख येथे केला पाहिजे.

शोध आणि लपवाछपवी

नृत्यगृहात तबकड्या वाजविणाऱ्याची प्रतिष्ठा इतरांकडे नसलेली तबकडी बाळगण्यावर अवलंबून असे. त्यामुळे १९७० च्या दशकात ही मंडळी अमेरिकेत जाऊन गोदामे व जुनी दुकाने धुंडाळू लागली. रिचर्ड सर्लिंग यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतून आणलेल्या तबकड्यांत ग्लोरिया जोन्स यांची १९६५ ची एक सिंगल होती. तिच्या 'बी' बाजूवर 'टेंटेड लव्ह' हे गीत होते. अमेरिकेत दुर्लक्षित राहिलेले हे गीत उत्तर इंग्लंडच्या नृत्यगृहांत लोकप्रिय झाले आणि १९८१ मध्ये 'सॉफ्ट सेल' या इंग्लिश जोडीने नव्याने गायिल्यावर ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत प्रथम क्रमांकावर पोहोचले.

आपला शोध प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून तबकडीच्या मधल्या लेबलवर पांढरा कागद चिकटवून गीताला व गायकाला खोटे नाव देण्याची पद्धत रूढ झाली. तिला 'कव्हर-अप' म्हणत. हीच युक्ती १९५० च्या दशकात जमैकातील ध्वनिक्षेपकवाले लेबल खरवडून काढून करीत असत. विगन कॅसिनोमध्ये फ्रँक विल्सन यांचे 'डू आय लव्ह यू' हे गीत एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावाने वाजविले गेले. परिणामी चाहत्यांसमोर एक कोडे उभे राही : हा आवाज नेमका कोणाचा? मग कोणी पार्श्वगायिकांच्या गायनाची ढब ओळखे, कोणी तबल्याप्रमाणे ठेका धरणाऱ्या ड्रमच्या वादनावरून ध्वनिमुद्रणाचे शहर सांगे, तर कोणी संगीत संयोजकाचे नाव सुचवी. ज्ञान लपविण्याच्या या खटाटोपातूनच ते पडताळण्याची शिस्त जन्मास आली, असे म्हणता येईल.

पडताळणीच्या पद्धती

संग्राहकांच्या चर्चा वरवर पाहता क्षुल्लक वाटतात. परंतु त्यांतील युक्तिवाद हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेशी साम्य दर्शवितात. त्यांचे मुख्य निकष पुढीलप्रमाणे सांगता येतील.

१) शेवटच्या खाचेनंतरच्या मोकळ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक. तो मूळ आवृत्तीशी जुळतो काय, तो ठशाने उमटविला आहे की हाताने कोरला आहे, हे पाहिले जाते. बनावट प्रत बहुधा येथेच उघडी पडते.

२) कारखान्याची खूण. लॉस एंजेलिस येथील मोनार्क कारखान्यातील तबकड्यांवर त्रिकोणाचे चिन्ह व अनुक्रमांक असे. या अनुक्रमांकांच्या आधारे तबकडीचा काळ बराचसा अचूकपणे ठरविता येतो.

३) तबकडीचे द्रव्य. अनेक अमेरिकन सिंगल व्हायनलऐवजी पॉलिस्टायरीनच्या असत. त्यांचे लेबल वरून चिकटविलेले असते व त्या लवकर झिजतात.

४) प्रतीचा प्रकार. विक्रीसाठीची प्रत आणि रेडिओ केंद्रांना पाठविलेली 'डेमो' प्रत यांत फरक केला जातो. काही गीतांच्या केवळ डेमो प्रतीच अस्तित्वात आहेत.

या निकषांचे महत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. डेट्रॉइटचे गायक डॅरेल बँक्स यांचे 'ओपन द डोअर टू युअर हार्ट' हे गीत १९६६ मध्ये अमेरिकेत चांगले चालले. ब्रिटनमध्ये ते 'लंडन' लेबलवर निघणार होते; परंतु हक्क 'स्टेटसाइड' लेबलकडे गेल्याने लंडनची आवृत्ती मागे घेण्यात आली. गीत तेच, ध्वनिमुद्रणही तेच. तथापि, स्टेटसाइडची प्रत सहज उपलब्ध होते, तर लंडन लेबलची विक्रीप्रत २०१४ मध्ये १४,५४३ पौंडांना विकली गेली. फ्रँक विल्सन यांची १९६५ ची उपरोल्लेखित सिंगल वितरणापूर्वीच रद्द झाली होती. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच प्रती उरल्याने त्यांपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. येथे किंमत संगीताची नसून प्रतीच्या इतिहासाची आहे, हे उघड आहे.

दोन प्रमुख वाद

या समूहातील चर्चांमध्ये दोन वाद दीर्घकाळ टिकून राहिले. पहिला वाद प्रकाराच्या सीमेविषयी होता. 'ब्लॅकपूल मेक्का' येथे इयान लेव्हिन व कॉलिन कर्टिस यांनी १९७० च्या दशकातील नव्या तबकड्या वाजविण्यास प्रारंभ केला, तेव्हा विगनच्या निष्ठावंतांनी त्यास तीव्र विरोध केला. जुन्या तबकड्यांचा साठा संपल्यावर परंपरेने नवे स्वीकारावे की त्याच गीतांची आवर्तने करावीत, हा तो प्रश्न होता. घराण्यांच्या शुद्धतेविषयीचे आपल्याकडील वाद ज्यांना परिचित आहेत, त्यांना त्याचे मर्म सहज उमगेल.

दुसरा वाद मूळ प्रत व पुनर्मुद्रण यांविषयीचा आहे. नृत्यगृहात केवळ मूळ तबकडीच वाजवावी, असा एका पक्षाचा आग्रह. त्यांच्या मते अनधिकृत प्रतींनी कलावंताचा हक्क बुडतो आणि शोध घेणाऱ्याच्या श्रमाचे मोलही उरत नाही. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की नाचणाऱ्याला गीत हवे असते, लेबल नव्हे. आणि मूळ प्रतींचा आग्रह धरल्यास कामगारांच्या मुलांनी उभी केलेली ही परंपरा धनिकांची मिरासदारी होईल. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. परंतु पहिल्या पक्षाच्या युक्तिवादातील एक उणीव नजरेआड करता येत नाही : मूळ तबकडी हजारो पौंडांना विकली गेली, तरी त्यातील एक पैसाही गायकापर्यंत पोहोचत नाही.

श्रेयाचा प्रश्न

येथे आपण या विषयाच्या गाभ्याशी येतो. डॅरेल बँक्स यांचा १९७० मध्ये डेट्रॉइटमध्ये एका पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे ३२ वर्षे होते. त्यांच्या तबकडीला जी किंमत आली ती त्यानंतर ४४ वर्षांनी. प्रेमाने केलेले जतन आणि मूळ कलावंताची उपेक्षा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी नांदू शकतात, याचे हे उदाहरण आहे. कव्हर-अपच्या प्रथेने तर गायकाचे नावच पुसले. ज्याच्या आवाजावर शेकडो लोक पहाटेपर्यंत नाचत, त्याची ओळख स्पर्धेपायी दडविली गेली.

मात्र या समूहानेच पुढे काही अंशी परिमार्जनही केले. १९८२ मध्ये सुरू झालेल्या 'केंट' या लेबलने हक्कधारकांकडून रीतसर परवाना घेऊन दुर्मीळ गीतांचे संग्रह काढले आणि सोबत तपशीलवार माहितीही छापली. जुन्या कंपन्यांच्या मूळ ध्वनिफिती तपासताना पूर्वी कधीही प्रकाशित न झालेली गीते हाती लागली. मेल्बा मूर यांचे 'द मॅजिक टच' हे त्यांपैकीच एक. डेव्ह गॉडिन यांनीही १९९७ पासून संथ लयीच्या, गंभीर भावाच्या सोल गीतांचे संग्रह याच लेबलसाठी संपादित केले. चाहत्यांच्या वादातून साठलेली माहिती अशा रीतीने प्रकाशित संदर्भसाहित्यात रूपांतरित झाली.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला, बाजाराने अपयशी ठरविलेली कलाकृती कायमची अपयशी असतेच असे नाही. तिला श्रोता दुसऱ्या देशात आणि दुसऱ्या दशकात भेटू शकतो. दुसरा, संस्थात्मक पाठबळ नसतानाही एखादा समूह पुरावा, तुलना व परस्पर तपासणी यांच्या आधारे विश्वसनीय ज्ञान उभे करू शकतो. तिसरा, जतन आणि न्याय या भिन्न गोष्टी आहेत. वस्तू जपली म्हणजे ती निर्माण करणाऱ्याचे ऋण फिटले असे होत नाही.

आपल्याकडेही या स्वरूपाचे कार्य झाले आहे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने जुन्या भारतीय ध्वनिमुद्रिकांविषयीची माहिती आपल्या नियतकालिकातून नोंदविली. नाट्यसंगीत, लावणी, कीर्तन यांच्या जुन्या तबकड्या जपणारे रसिक लहान गावांतही आढळतात. तबकडी विकत घेता येते; परंतु ती कोणाची, कोठे मुद्रित झाली, साथीला कोण होते, ही माहिती बहुधा त्या वृद्ध रसिकाच्या स्मरणातच असते व त्याच्यासोबत ती नाहीशी होते. महाविद्यालयीन अध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना अशा व्यक्तींकडे पाठवून ही माहिती लिहून घेण्याचे प्रकल्पकार्य दिले, तर ते सहजसाध्य आणि उपयुक्त ठरेल. अशा नोंदीतील पहिला रकाना मात्र तबकडीच्या किमतीचा नसावा; तो गाणाऱ्याच्या नावाचा असावा.