गाडी गरम होणे आणि अडकलेले बोल्ट : घरच्या घरी काय करता येते

मे महिना लागला की इंदूरातल्या आपल्या घरांतून गाड्या महाराष्ट्राच्या वाटेला लागतात. कोणाकडे लग्न असते, कोणाकडे मुंज, कोणाचे माहेर धुळ्याला तर कोणाचे आजोळ नाशिकला. जाताना घाट उतरायचे असतात, पण परतताना शिरपूरच्या पुढे बिजासनचा घाट आणि खलघाटला नर्मदेचा पूल ओलांडल्यावर मानपूरची चढण, हे दोन्ही चढ गाडीला भर उन्हात चढावे लागतात. त्यात एसी चालू, डिकीत आंब्यांच्या पेट्या आणि आत पाच माणसे.

तीन वर्षांपूर्वी आम्ही असेच नाशिकहून परतत होतो. गुजरी मागे पडली, चढ सुरू झाला आणि तापमानाचा काटा मध्यावरून वर सरकू लागला. मागच्या सीटवरून "थांबू या का?" असा प्रश्नही आला. पण "आता महू आलेच" म्हणत आम्ही गाडी तशीच रेटली. दहा मिनिटांत लाल दिवा लागला, बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन बंद पडले. घरी आलो ते टोचन लावून. कारण निघाले रेडिएटरचा एक जुना रबरी होज, क्लिपजवळ चिरलेला. तो वेळेवर बदलला असता तर काही शे रुपयांत काम झाले असते. आम्ही गाडी रेटल्यामुळे सिलिंडर हेड वाकले, गॅस्केट गेले आणि बिल सव्वीस हजारांचे आले. सर्वांत वाईट याचे वाटले, की निघण्याआधी आठवडाभर पोर्चमध्ये रोज सकाळी हिरवट ओल दिसत होती आणि ती आम्ही एसीचे पाणी समजून सोडून दिली होती.

त्यानंतर हा विषय आम्ही नीट समजून घेतला. आम्ही काही मिस्त्री नाही, पण जे कळले ते मंडळातल्या इतर कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहोत.

इंजिन गरम का होते?

चालत्या इंजिनाचे तापमान साधारण 90 अंश सेल्सियसच्या आसपास राहणे अपेक्षित असते. वॉटर पंप कूलंट इंजिनातून फिरवतो आणि रेडिएटरमध्ये तो हवेने थंड होतो. मध्ये थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडून कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करते.

रेडिएटरचे झाकण म्हणजे आपल्या प्रेशर कुकरची शिटी समजा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातले पाणी येथे 98 अंशांनाच उकळते. झाकणाने साधारण एक बार दाब धरून ठेवला की तेच पाणी 120 अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून गरम इंजिनाचे झाकण उघडणे म्हणजे शिटी न काढता कुकर उघडण्यासारखे आहे. दाब सुटताच आतला कूलंट क्षणात उकळून तोंडावर आणि हातावर उडतो.

रस्त्यात काटा वर गेला तर

1. एसी ताबडतोब बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा, खिडक्या उघडा. थोडा त्रास होईल, पण इंजिनातली काही उष्णता बाहेर निघते.
2. सुरक्षित जागा बघून डाव्या बाजूला थांबा. काटा लाल खुणेला पोहोचला असेल किंवा वाफ दिसत असेल तर इंजिन बंद करा. काही नव्या गाड्यांत काटा नसतो, फक्त दिवा असतो. निळा दिवा म्हणजे इंजिन अजून गार आहे आणि लाल म्हणजे थांबा.
3. वाफ येत असेल तर बॉनेट लगेच उघडू नका. वाफ थांबल्यावर उघडा.
4. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. झाकणाला हात लावायच्या आधी रेडिएटरचा वरचा होज दाबून बघा. तो गार आणि मऊ लागला तरच जाड कापड ठेवून झाकण थोडेसे फिरवा, आवाज पूर्ण थांबू द्या आणि मगच काढा.
5. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो.

ट्रकवाले कधी कधी गळक्या रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगतात. गळती तात्पुरती थांबतेही, पण तीच हळद पुढे रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. अगदी आडरानात असाल तरच हा उपाय करा, आणि घरी आल्यावर रेडिएटर धुऊन घ्या.

घरी कारण शोधताना

इंजिन पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो सकाळी, स्वस्त कारणापासून महागड्या कारणाकडे जावे.

पहिल्यांदा टाकीतली पातळी बघा. ती दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर कूलंट कुठेतरी जातो आहे. गाडीखाली रात्री पुठ्ठा पसरून ठेवा. एसीचे पाणी स्वच्छ असते, कूलंट रंगीत असतो आणि बोटांना चिकट-बुळबुळीत लागतो. होज दाबून बघा. चिरा, फुगवटा किंवा क्लिपजवळ पांढरट डाग दिसला तर तो बदला. झाकणाचे रबरही तपासा. ते कडक झाले असेल तर दाब धरत नाही.

मग गाडी नेमकी कधी तापते ते आठवा. राजवाड्याच्या गर्दीत तापते आणि बायपासवर ठीक राहते, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर. फ्यूज, रिले, वायर आणि मोटर या क्रमाने बघावे. गर्दीत ठीक आणि वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर चोंदलेला, कूलंट कमी किंवा थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा. गाडी सुरू करून चार-पाच मिनिटांतच तापते आणि वरचा होज तापला तरी खालचा गारच राहतो, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

थर्मोस्टॅट काढल्यावर त्याची परीक्षा स्वयंपाकघरात घेता येते. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने तळाला न टेकता लटकवा आणि पाणी तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाजवळ तो उघडताना दिसला पाहिजे. पाणी उकळले तरी उघडला नाही तर तो निकामी. ते पातेले पुन्हा खाण्यापिण्याला वापरू नका.

पंख्याजवळ हात घालताना एक लक्षात ठेवा. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो आपोआप फिरू लागतो. म्हणून आधी बॅटरीची ऋण तार काढावी. तसेच कूलंट चवीला गोड पण विषारी असतो. सांडलेला लगेच पुसा आणि उघड्या भांड्यात ठेवू नका. घरात लहान मुले किंवा कुत्रे असेल तर जास्तच जपा.

अडकलेला बोल्ट

गेल्या वर्षी गाडी बायपासवर पुन्हा तापू लागली. या वेळी आम्ही लगेच थांबलो आणि घरी थर्मोस्टॅट काढायला घेतला. त्याच्या झाकणाला 10 नंबर पान्याचे दोन बोल्ट होते. एक निघाला. दुसरा हलेना, म्हणून पान्याला पाइप लावून जोर दिला आणि बोल्टचे डोके तुटून हातात आले. उरलेला तुकडा खरादवाल्याने ड्रिल करून काढला. अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस लागले.

कारण नंतर कळले. झाकण ॲल्युमिनियमचे, बोल्ट पोलादाचा, आणि झिरपलेल्या कूलंटमुळे दोघांच्या मध्ये गंजाची पांढरी भुकटी साचलेली. हे बोल्ट 6 मिलिमीटर जाडीचे असतात. चाकाच्या नटाला जो जोर लागतो त्याच्या एक-दशांश जोराने ते बसवलेले असतात, त्यामुळे पाइप लावला की तुटणारच.

यानंतर शेजाऱ्यांच्या गाडीचा असाच बोल्ट आम्ही पुढील क्रमाने काढला आणि तो अख्खा निघाला.

1. भोवतीची माती आणि गंज तारेच्या ब्रशने साफ करा.
2. गंज सोडवणारे तेल, डब्ल्यूडी-40 किंवा तसेच दुसरे, आट्यांच्या तोंडाशी मारा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा मारा.
3. दुतोंडी उघडा पाना वापरू नका, तो डोक्याचे कोपरे गोल करतो. सहा कोनांचा गोटी पाना किंवा नेमका बसणारा रिंग पाना घ्या.
4. बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके, सरळ ठोके द्या. हादऱ्याने गंज सुटतो.
5. आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा, मग डावीकडे सोडा. पाव फेरा सुटला की पुन्हा थोडा आवळा, तेल मारा, पुन्हा सोडा. पुढे-मागे करतच बाहेर काढा.
6. तरीही हलत नसेल तर उकळते पाणी भोवतीच्या झाकणावर जपून ओता. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त प्रसरण पावते, म्हणून पकड सैल होते. तेल मारलेल्या जागी, होज किंवा पेट्रोलच्या नळीजवळ ज्योत कधीही लावू नका.

पान्याला लवचीक, रबरासारखी फिरक वाटू लागली तर तिथेच थांबा. बोल्ट सुटत नसून पिळवटतो आहे असा त्याचा अर्थ. आणखी एक दिवस तेल मुरू द्यावे किंवा मिस्त्रीला बोलवावे.

परत बसवताना

आटे साफ करा, गॅस्केट नवे घाला, बोल्ट आधी हाताने बसवा आणि मग दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून बेताने आवळा. बोअरिंगचे पाणी रेडिएटरमध्ये भरू नका, त्याचा क्षार आत थर धरतो. तयार कूलंट घ्या किंवा घट्ट कूलंटमध्ये डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे मिसळा. भरताना इंजिन गार असावे. मग झाकण उघडे ठेवून गाडी सुरू करा, हीटर चालू ठेवा, अडकलेली हवा निघू द्या आणि पातळी पूर्ण करून झाकण लावा.

येथे आपण थांबावे

एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येत असेल, तेलाच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसत असेल, किंवा कूलंटच्या टाकीत एकसारखे बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलेले असू शकते. अशी गाडी चालवू नका, गॅरेजला टोचन करूनच न्या. गाडी वॉरंटीत असेल तर घरी काहीच उघडू नका.

या सुट्टीत निघण्यापूर्वी एका सकाळी गाडीखाली वाकून बघा, होज दाबून बघा, टाकीची पातळी बघा. दहा मिनिटांचे काम आहे. आणि वाटेत काटा वर गेला, घर कितीही जवळ आले असले, तरी गाडी बाजूला घ्या आणि झाडाखाली बसून चहा प्या. आम्ही तो पाऊण तास वाचवायला गेलो आणि गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये राहिली.